कीचकाचे नाव कर्झन नव्हते

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा आजीच्या तोंडून सर्वांनी ऐकलेलीच. विराटाचा मेहुणा कीचक सैरंध्रीवर डोळा ठेवतो, कंकभट झालेला धर्मराज सबुरी सांगतो आणि बल्लव झालेला भीम त्या मातलेल्या सेनापतीला ठार करतो. इंग्रजांचे नाव कुठेच नाही. तरीही प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसे, सैरंध्रीत हिंदभूमी, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल. लेखक ‘केसरी’त टिळकांचा सहकारी, अर्थ वेगळा सांगावा लागला नाही.

सरकारच्या हाती १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा होता. युवराजांच्या स्वागतावरून कलकत्त्याच्या रंगभूमीवर झालेल्या प्रहसनाने चिडून तो केलेला. त्यात एक कलम असे की, मनाई मोडून प्रयोग पाहायला बसणाऱ्या प्रेक्षकालाही तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शके!

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. प्रयोग होता देवलांच्या ‘शारदा’चा, म्हणजे म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीच्या कहाणीचा. बंदी मात्र १९१० मध्ये ‘कीचकवधा’वर आली. त्याच वर्षी लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी आपल्या पुस्तकात या नाटकाची पात्रे एकेक करून उलगडून दाखवली. (याच पुस्तकावरून टिळकांनी पुढे लंडनमध्ये खटला भरला आणि १९१९ साली ते हरले.) माझ्या मते खाडिलकरांच्या या नाटकाचे मर्म त्यांच्या शत्रूनेच सर्वांत नेमके ओळखले.

पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, खाडिलकरांनी किर्लोस्कर मंडळीला ‘मानापमान’ दिले. या मंडळीचे संस्थापक अण्णासाहेब आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. ‘मानापमाना’त बालगंधर्वांची भामिनी गाजली आणि घराघरात नाट्यपदे गुणगुणली जाऊ लागली. केवळ बंदीमुळे खाडिलकर संगीताकडे वळले असे म्हणणे धाडसाचे होईल. पण ज्या पदांवर आपल्या दोन पिढ्या वाढल्या, त्यांच्या मागे एक गप्प केलेले नाटक उभे आहे, हे आपण सहसा आठवत नाही.

स्वातंत्र्य आले तरी तो कायदा राहिला. १९५६ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. कायद्याच्या पुस्तकातून तो पुसला जायला मात्र २०१८ उजाडावे लागले.