अनुभवी वाटसरू आणि ढासळता उतार : कन्नड घाटाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
डोंगरउतारावरील संकट नवख्या माणसालाच गाठते, असा सर्वसाधारण समज आढळतो. हिमालयातील हिमस्खलन आणि सह्याद्रीतील दरडी यांचा इतिहास मात्र या समजाला छेद देतो. प्रस्तुत लेखात चाळीसगाव (जि. जळगाव) व कन्नड यांना जोडणाऱ्या औट्रम घाटाच्या, म्हणजेच कन्नड घाटाच्या, आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

घाटमार्गाची पार्श्वभूमी :
खानदेशचे मैदान आणि दख्खनचे पठार यांच्यामध्ये सातमाळा-अजिंठ्याची रांग उभी आहे. त्यामुळे दळणवळण प्राचीन काळापासून खिंडींवर अवलंबून राहिले. याच परिसरातील पितळखोरे लेणी इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापासूनची असून तेथील शिलालेखांत पैठणच्या दात्यांचा उल्लेख आहे. यावरून येथील वर्दळीची प्राचीनता लक्षात येते. या लेण्यांचे दर्शनी भाग बव्हंशी कोसळले आहेत. बेसाल्टच्या कठीण थरांखाली मऊ थर असतात, पाणी झिरपून ते झिजतात आणि वरचा खडक निराधार होतो. डोंगराच्या अस्थिरतेचा हा जणू जुना दस्तऐवजच होय. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. 1825 मध्ये भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम याचे नाव या घाटाला मिळाले.

2021 ची आपत्ती :
30 ऑगस्ट 2021 च्या रात्री झालेल्या अतिवृष्टीने घाटात अनेक ठिकाणी दरडी कोसळल्या व वाहने अडकून पडली. त्याच पावसात तितूर व डोंगरी नद्यांच्या पुराने चाळीसगाव शहर व परिसर जलमय झाला. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावरील हा घाट वाहनचालकांच्या नित्य परिचयाचा होता. परंतु तो परिचय त्या रात्री उपयोगी पडला नाही. पुढे 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना येथून बंदी करण्यात आली.

अनुभवाची मर्यादा :
हिमस्खलनाच्या अभ्यासातून या प्रश्नावर प्रकाश पडतो. बहुतेक हिमस्खलने 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात. म्हणजे स्कीइंग करणाऱ्यांना जो उतार आवडतो, तोच धोक्याचाही असतो. इयन मॅकॅमन या अमेरिकी अभ्यासकाने शेकडो हिमस्खलन अपघातांची छाननी केली. परिचित उतारावर प्रशिक्षित मंडळींची सावधगिरी शिथिल होते, असे त्यांना आढळले. 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तराखंडमधील द्रौपदी का डांडा शिखराजवळ हिमस्खलनात 29 जणांचा बळी गेला. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी त्यांनी अवघ्या 16 दिवसांत एव्हरेस्ट व मकालू ही शिखरे सर केली होती.

याचे कारण स्पष्ट आहे. उतार शंभर वेळा सुखरूप ओलांडला, तरी त्यावरून तो भक्कम असल्याचे सिद्ध होत नाही. त्या वेळी तो कोसळला नाही, एवढेच सिद्ध होते. अन्य व्यवसायांत चूक होताच तिची जाणीव होते व अनुभव सुधारत जातो. येथे मात्र चुकीचा निर्णयही बहुधा निभावून जातो आणि आत्मविश्वास तेवढा वाढतो. बर्फातील कमकुवत थर काय किंवा पाण्याने फुगलेला मुरूम काय, दोन्ही नजरेआड असतात.

निष्कर्ष :
घाट केव्हा बंद करावा, हा निर्णय चालकाच्या धाडसावर वा स्थानिकांच्या आठवणींवर सोपविता येणार नाही. तो पर्जन्यमापनावर व पूर्वनिश्चित मर्यादेवर आधारलेला असावा. त्यासाठी कोसळलेल्या प्रत्येक दरडीची तारीख, जागा व त्या दिवशीचा पाऊस यांची सलग नोंद हवी. खानदेशातील महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांना हे काम संयुक्तपणे हाती घेता येईल. व्यक्तीचा अनुभव तिच्याबरोबर संपतो. नोंद झालेला अनुभव मात्र पुढील पिढीच्या उपयोगी पडतो.