वजाबाकीने घडलेले देऊळ

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या, शहागंज भागातल्या एका शाळेत आम्ही खडकांविषयी बोलायला गेलो होतो. बेसॉल्टचे तुकडे हातोहात फिरले, भिंगे फिरली आणि शेवटी नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, वेरूळचे कैलास लेणे माणसांनी केलेलेच नाही असे म्हणतात. दोन लाख टन दगड अठरा वर्षांत काढणे शक्यच नाही ना?" वर्गातले शिक्षक आमच्याकडे पाहू लागले. खरे सांगायचे तर 'दोन लाख टन' हा आकडा आम्हीही अनेक व्याख्यानांत बेधडक सांगितला होता. तो कसा काढला, हे मात्र कधी तपासले नव्हते. म्हणून त्या दिवशी फळ्यावरच हिशोब मांडला.

वेरूळ शहागंजपासून सुमारे 30 किलोमीटरवर आहे. तिथल्या सोळाव्या क्रमांकाच्या लेण्याचे, म्हणजे कैलासाचे, आवार सुमारे 84 मीटर लांब आणि 47 मीटर रुंद आहे. मागच्या बाजूला कातळाची भिंत सुमारे 33 मीटर उंच जाते. डोंगर उतरता असल्यामुळे पुढच्या बाजूला खोली बरीच कमी आहे. सरासरी खोली 20 मीटर धरू. 84 गुणिले 47 गुणिले 20 म्हणजे जवळजवळ 79,000 घनमीटर. यातला साधारण चौथा हिस्सा देऊळ म्हणून जागेवरच राहिला असे मानले, तर काढलेला दगड सुमारे 60,000 घनमीटर होतो. बेसॉल्टचा एक घनमीटर अंदाजे 2.8 टन भरतो. म्हणजे 1,68,000 टन. भोवतालच्या ओवऱ्या आम्ही हिशोबात घेतलेल्या नाहीत. तेव्हा दोन लाख टन हा आकडा अगदीच हवेतला नाही. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र तपासायला हवा.

एक पाथरवट दिवसाला किती दगड फोडील? आपण हात आखडता घेऊन 0.1 घनमीटर, म्हणजे साडेतीन घनफूट धरू. मग एकूण सहा लाख मनुष्यदिवस लागतील. 200 माणसे वर्षाचे 300 दिवस राबली तर वर्षाला 60,000 मनुष्यदिवस होतात. काम दहा वर्षांत संपते! मुलांनी लगेच हरकत घेतली की दगड कठीण आहे, एवढा फुटणार नाही. ठीक आहे, निम्माच फुटेल असे धरा. मग 400 माणसे लागतील. पावसाळ्याचे चार महिने काम बंद ठेवायचे असेल तर 600 धरा. राष्ट्रकूटांसारख्या राजघराण्याला 600 माणसे पोसणे अवघड नव्हते. हे फक्त खोदाईचे गणित आहे. मूर्तिकाम वेगळे, आणि ते मोजण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

"पण मग एवढा दगड गेला कुठे?" हा पुढचा ठरलेला प्रश्न. फोडलेला दगड फुगतो. 60,000 घनमीटरचे 90,000 झाले असे समजा. 300 मीटर लांब आणि 100 मीटर रुंद जागेवर तो पसरला तर थर फक्त तीन मीटरचा होईल. डोंगराच्या उतारावर अशी भर बाराशे वर्षांनंतर कुणाच्या नजरेत यावी?

आता कामाच्या पद्धतीकडे वळू, कारण खरी करामत तिथे आहे. आधी माथ्यावरून तीन बाजूंनी खोल चर खोदले आणि मधला प्रचंड ठोकळा डोंगरापासून सुटा केला. मग त्या ठोकळ्यातून वरून खाली देऊळ 'काढत' आणले. बांधलेले देऊळ पायापासून वर चढते, हे शिखरापासून खाली उतरले. त्यामुळे परांची फारशी लागलीच नसणार. खाली न खोदलेला कातळ हीच पाथरवटांची उभे राहण्याची जागा. शिखराचे नक्षीकाम आटोपत असताना पायथ्याचे हत्ती अजून दगडाच्या पोटातच होते.

यात सोय आहे तसाच धोकाही आहे. बांधकामात चिरा चुकला तर काढून दुसरा बसवता येतो. इथे जास्तीचा निघालेला दगड परत लावता येत नाही. शिवाय शिखर कोरायला घेताना जोत्याची मापे आधीच ठरलेली असावी लागतात. दोरी, ओळंबा आणि डोक्यात पक्का आराखडा असल्याशिवाय हे जमणे नाही.

तो आराखडा आला कुठून, याचा बराचसा उलगडा कर्नाटकातल्या पट्टदकल येथे होतो. तिथले विरूपाक्ष मंदिर चालुक्य राणी लोकमहादेवीने 740 च्या सुमारास बांधवून घेतले. नंदीमंडप, खांबांचा सभामंडप, द्राविड शिखराचे गर्भगृह ही त्याची मांडणी कैलासात ओळखू येते. विरूपाक्षाने स्वतः कांचीच्या कैलासनाथाकडून पुष्कळ घेतले होते. थोड्याच वर्षांनी राष्ट्रकूट दंतिदुर्गाने चालुक्यांची सत्ता मोडली, आणि त्याच्या मागून आलेल्या पहिल्या कृष्णाने (सुमारे 756 ते 773) हे देऊळ करवले. सत्ता बदलली तरी कारागिरांची परंपरा तुटली नाही. सगळे काम मात्र एकाच राजवटीतले नसावे. भोवतालची काही लेणी नंतरची असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात.

कृष्णराजाचे नाव आपण कशावरून घेतो? बडोद्याला सापडलेल्या एका ताम्रपटावरून. तो 812-13 सालचा, राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्कराजाचा आहे. एलापूरच्या डोंगरावर कृष्णराजाने करवलेले देऊळ पाहून देवही चकित झाले, आणि हे आपण कसे केले याचा खुद्द शिल्पकारालाच अचंबा वाटला, अशा अर्थाचे वर्णन त्यात आहे. एलापूर म्हणजे वेरूळ आणि ते देऊळ म्हणजे कैलास, हे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी 1883 साली मांडले. काम पुरे झाल्यावर चाळीसेक वर्षांतच लोक त्याचे नवल करत होते. पण ते नवल माणसाच्या कामाचे होते, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. त्या शिल्पकाराचे नाव ताम्रपटात दिलेले नाही.

नाव मिळते ते दंतकथेत. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू' या मराठी ग्रंथात राणी माणिकावतीची गोष्ट आहे. देवळाचे शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही, असा तिचा नवस होता. बाकीचे स्थपती हतबल झाले. पैठणच्या कोकसाने शिखरापासूनच कामाला सुरुवात केली आणि राणीला आठवड्याभरात शिखर दिसले. ही गोष्ट कैलासानंतर सातआठशे वर्षांनी लिहिली गेली, तेव्हा तिला इतिहास म्हणता येणार नाही. पण वरून खाली येण्याची युक्ती तिने चोख जपून ठेवली आहे.

असे काम जगात इतरत्रही झाले. आजच्या तुर्कस्तानातील कपाडोकिया प्रदेशात बायझंटाइन काळातल्या लोकांनी, मुख्यतः नवव्या ते अकराव्या शतकांत, डोंगरांत चर्चे कोरली. तिथला दगड ज्वालामुखीच्या राखेचा, मऊ. गंमत म्हणजे त्या चर्चांत घुमट, कमानी, खांब सगळे आहे. घुमटाची बायझंटाइनांना चांगलीच धास्ती असे. कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाचा घुमट 537 साली पुरा झाला आणि 558 साली कोसळला. शहागंजच्या मशिदीच्या कमानी पाहा. प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो आणि तो रेटा जमिनीपर्यंत पोचवावा लागतो. कोरलेल्या चर्चमध्ये सगळा दगड एकसंध असल्याने कमानीवर असे काम पडतच नाही. कपाडोकियात काही ठिकाणी खांब मोडून पडले आहेत, वरचे छत तसेच लोंबते आहे. मग खांब कोरले कशाला? चर्च म्हणजे असेच दिसायला हवे, म्हणून. कैलासही त्याच कारणाने 'बांधल्यासारखा' दिसतो. इथिओपियातल्या लालिबेलाची चर्चे तर कैलासासारखी डोंगरातून सुटी केलेली आहेत. ती मुख्यतः बाराव्या-तेराव्या शतकांतली समजली जातात.

एकसंध दगड अमर असतो, असे मात्र नाही. आमच्या बेसॉल्टमध्ये उभ्या भेगा असतात, लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कच्चे पट्टे असतात, आणि पावसाचे पाणी दोन्ही शोधून काढते. दक्षिणेकडच्या परळंका लेण्याकडे जाणारा दगडी पूल तुटून गेला आहे. कैलासाच्या अंगावर एके काळी गिलावा आणि रंग होते. त्याचे अवशेष काही छतांवर दिसतात. बाकी बहुतेक गेले.

सहल घेऊन गेलात तर मुलांना लगेच आत नेऊ नका. आधी बाजूच्या टेकडीवर, कठड्यापासून लांब उभे करा. तिथून मंडपाच्या छतावरचे कमळ आणि त्यावरचे सिंह दिसतात, आणि वजा केलेला डोंगर किती होता ते कळते. मग खाली उतरून आवाराच्या कातळभिंती पाहा. मूर्तींपुढे गर्दी असते, या भिंतींकडे कोणी फिरकत नाही. तिथे टाकीच्या घावांच्या लांब रेघा अजून स्पष्ट आहेत. दगडाला हात न लावता, शेजारी मोजपट्टी धरून फोटो घ्या. वर्गात आल्यावर एका हातभर पट्ट्यात किती रेघा बसतात ते मुलांना मोजू द्या. आमच्या 0.1 घनमीटरच्या अंदाजात दुरुस्ती करावी लागली, तर आम्हाला जरूर कळवा.