गोलांच्या रकान्यात न मावणारा आघाडीवीर

हॉकीतील आघाडीच्या खेळाडूची योग्यता ठरविताना निवड समितीपासून प्रेक्षकांपर्यंत सारेच प्रथम एकच प्रश्न विचारतात, गोल किती केले? प्रश्न स्वाभाविक असला तरी अपुरा आहे. चेंडू फळीवर आदळण्याआधी जे काही घडते, त्याची नोंद या उत्तरात होत नाही आणि त्यामुळे अनेक उपयुक्त खेळाडू उपेक्षित राहतात.

पॅरिस येथे २०२४ मध्ये झालेल्या ऑलिम्पिकमध्ये भारताने आठ सामन्यांत १५ गोल करून कांस्यपदक पटकाविले. यांपैकी १० गोल एकट्या हरमनप्रीतसिंगचे होते. हा कर्णधार बचावपटू असून त्याचे दहाही गोल पेनल्टी कॉर्नर किंवा पेनल्टी स्ट्रोकवर झाले. उरलेल्या पाचांपैकी दोन अभिषेकने, तर मनदीपसिंग, सुखजितसिंग व विवेक सागर प्रसाद यांनी प्रत्येकी एक केला. ललित उपाध्याय आणि गुरजंतसिंग या दोन आघाडीवीरांच्या नावापुढे शून्य राहिले. केवळ हा रकाना वाचणाऱ्यास भारताची आघाडीची फळी निष्प्रभ ठरली असेच वाटेल.

परंतु पेनल्टी कॉर्नर आकाशातून पडत नाही. कोणीतरी चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या डीमध्ये शिरतो, बचावपटूला गोंधळात टाकतो, चेंडू त्याच्या पायावर आदळतो किंवा त्याच्याकडून अडथळा घडतो आणि मग पंच हात दाखवितात. पुढचा ड्रॅगफ्लिक दुसराच मारतो व गोल त्याच्या नावावर जमा होतो. सामन्याच्या पत्रकात गोल कोणी, कोणत्या मिनिटाला व कोणत्या प्रकारे केला हे लिहिलेले असते. कॉर्नर मिळवून देणाऱ्याचे नाव तेथे शोधू नये. मैदानी गोलांचे महत्त्व वाढावे म्हणून हॉकी इंडिया लीगने २०१६ च्या हंगामात अशा एका गोलाला दोन गोलांचे मोल दिले होते. मात्र कॉर्नर मिळविणाऱ्याच्या पदरात त्या नियमानेही काही पडले नाही.

त्याच ऑलिम्पिकमधील ब्रिटनविरुद्धची उपांत्यपूर्व लढत या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. अमित रोहिदासला १७ व्या मिनिटाला लाल कार्ड मिळाल्यानंतर भारताने उर्वरित सामना दहा खेळाडूंनिशी खेळला आणि १-१ अशी बरोबरी राखली. अशा वेळी आघाडीवीर मागे धावत येऊन बचाव करतात, चेंडू रोखून धरतात, वेळ काढतात. शूटआऊटमध्ये भारताने ४-२ अशी बाजी मारली. त्यात ललित उपाध्यायचाही गोल होता, पण शूटआऊटमधील गोल खेळाडूच्या गोलसंख्येत धरला जात नाही. मुंबईच्या युवराज वाल्मीकीचीही हीच कथा. ऑर्डोस (चीन) येथे सप्टेंबर २०११ मध्ये झालेल्या पहिल्या आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध गोलफलक ०-० असाच राहिला आणि भारत टायब्रेकरमध्ये ४-२ असा जिंकला. त्यात युवराजने केलेला गोल त्याच्या कारकिर्दीच्या हिशेबात दिसत नाही.

मुळात आपल्याकडे गोलांचाही हिशेब धड ठेवला गेलेला नाही. पुण्याच्या खडकीतून आलेला धनराज पिल्ले १९८९ ते २००४ या काळात ३३९ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. त्याचे गोल सुमारे १७० सांगितले जातात. ‘सुमारे’ म्हणावे लागते, कारण तत्कालीन हॉकी महासंघाने अधिकृत नोंदच ठेवली नाही. चार ऑलिम्पिक खेळलेल्या खेळाडूची ही गत, मग त्याने मिळवून दिलेल्या कॉर्नरची मोजदाद कोण करणार!

मूल्यमापन करावयाचे तर पहिली गोष्ट म्हणजे मैदानावरील मिनिटे. हॉकीत बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. त्यामुळे एक आघाडीवीर एका सामन्यात ४५ मिनिटे, तर दुसरा २५ मिनिटे खेळलेला असू शकतो. शिवाय पूर्वी ३५ मिनिटांची दोन सत्रे असत, आता १५ मिनिटांची चार असतात. ७० मिनिटांच्या काळातील गोलसरासरी ६० मिनिटांच्या काळाशी जशीच्या तशी ताडून पाहणे अन्यायाचे होईल. त्यानंतर डीमधील प्रवेश, मिळविलेले कॉर्नर, गोलाआधीचा पास आणि प्रतिस्पर्ध्याकडून हिरावलेला चेंडू यांची क्रमाने नोंद हवी. प्रतिस्पर्धी कोण होता, हेही शेजारी लिहावे. दुबळ्या संघावर डागलेले चार गोल आणि बलाढ्य संघाविरुद्धचा एक यांची बेरीज पाच होते खरी, पण त्या बेरजेचा अर्थ फारसा लागत नाही.

दैवाचा भागही विसरून चालणार नाही. समजा, दोन आघाडीवीर तंतोतंत सारख्या कुवतीचे असून सारखाच वेळ खेळले आणि दोघांनी मिळून नऊ गोल केले. त्यांची वाटणी सहा-तीन किंवा त्याहून विषम होण्याची शक्यता किती? नऊ वेळा नाणे उडविण्याचा हिशेब मांडला तर ती निम्म्याहून किंचित अधिक येते. म्हणजे सहा गोल करणाऱ्यास दुप्पट चांगला म्हणणे हे बहुधा योगायोगालाच शाबासकी देणे होय. डीमधील प्रवेशांची संख्या मोठी असल्यामुळे तेथे हा धोका कमी असतो.

याचा सर्वांत मोठा उपयोग छोट्या जिल्ह्यांना आहे. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत व औंढा नागनाथ असे पाच तालुके आहेत. शालेय स्पर्धेतून जिल्हा, विभाग व राज्य अशी वाट चढणाऱ्या मुलामुलींना बाद पद्धतीत दोन-तीन सामनेच मिळतात. तेवढ्यात गोल झाला नाही की नाव मागे पडते. यावर महागड्या कॅमेऱ्यांची गरज नाही. राखीव खेळाडूच्या हाती वही-पेन्सिल आणि घड्याळ दिले तरी पुरे.

उदाहरणार्थ, एका मुलीने १२० मिनिटांत तीन गोल केले, नऊ वेळा डीमध्ये प्रवेश केला व दोन कॉर्नर मिळविले. दुसरीने ९० मिनिटांत एकच गोल केला, पण १८ प्रवेश व सहा कॉर्नर मिळविले. दर ६० मिनिटांना पहिलीचे प्रवेश साडेचार व कॉर्नर एक, तर दुसरीचे प्रवेश १२ व कॉर्नर चार. संघात चांगला ड्रॅगफ्लिकर असेल तर दुसरीला वगळणे महागात पडेल. नसेल, तर निर्णय इतका सोपा नाही आणि निवड करणाऱ्याला तिचा खेळ डोळ्यांनीच पाहावा लागेल. मात्र चेंडू ताब्यात ठेवून रेषा ओलांडणे म्हणजे प्रवेश की नुसता पास आत पोहोचविणेही त्यात धरावयाचे, हे स्पर्धेपूर्वीच ठरवून घ्यावे. अन्यथा वसमतचे पत्रक कळमनुरीच्या पत्रकाशी जुळणार नाही.