तुलूझच्या सीमा

इतिहासाच्या पुस्तकातला नकाशा पाहताना आपली एक समजूत होते, की राज्य म्हणजे रेघेने आखलेला भूभाग. मध्ययुगीन फ्रान्समधील तुलूझच्या काउंटांची हकीकत पाहिली म्हणजे ही समजूत किती कच्ची आहे, हे आपल्या ध्यानी येते.

गारोन नदीकाठचे तुलूझ शहर हे या सत्तेचे ठाणे. पहिल्या धर्मयुद्धासाठी १०९६ साली निघालेला चौथा रेमाँ ऱ्होन नदीपर्यंतच्या मुलखावर हक्क सांगत होता. ११२५ च्या तहाने ऱ्होनपलीकडील प्रोव्हान्सची वाटणी झाली. ड्यूरान्स नदीच्या उत्तरेचा भाग तुलूझकडे आला, दक्षिणेचा बार्सिलोनाकडे गेला. मुलूख मोठा खरा; पण मांडलिक सरदार आपापल्या गढीत राजेच होते.

हे दौर्बल्य १२०९ साली उघडे पडले. काथार पाखंड्यांचे निर्मूलन करण्याच्या नावाखाली उत्तरेकडील फौजा दक्षिणेत उतरल्या आणि बेझिए शहरात भयंकर कत्तल झाली. १२१५ मध्ये धर्मपरिषदेने तुलूझ सिमाँ द माँफोर याला बहाल केले. परंतु नागरिकांनी तो निवाडा मानला नाही. जुना काउंट परतताच त्यांनी त्याला वेशीआत घेतले, आणि १२१८ साली वेढा घालून बसलेला सिमाँ तटावरून आलेल्या दगडाने ठार झाला.

जे तलवारीला साधले नाही, ते लग्नाने साधले. १२२९ च्या पॅरिसच्या तहाने सातव्या रेमाँने पूर्वेकडील मुलूख राजाला दिला, शहराचा तट पाडण्याचे कबूल केले आणि नऊ वर्षांची एकुलती कन्या जान राजबंधू आल्फाँसला देऊ केली. या जोडप्याला संतती न झाल्यास तुलूझ राजाचे, अशी अट होती. मुलगा व्हावा म्हणून रेमाँने दुसरे लग्नही केले. ते व्यर्थ गेले. १२७१ साली आल्फाँस व जान काही दिवसांच्या अंतराने निपुत्रिक वारली आणि काउंटांची सत्ता राजसत्तेत विलीन झाली.

मग उरले काय? राजाच्या अधिकाऱ्यांपुढे निष्ठेची शपथ घेताना शहराच्या पंचांनी आपले जुने हक्क राखून ठेवले. त्यांची नगरसभा १७८९ च्या क्रांतीपर्यंत टिकली. त्याच तहातील अटीने स्थापन झालेले विद्यापीठ शहराच्या नावाशी कायमचे जोडले गेले. सीमा राजे आखतात आणि पुसतातही. परंतु वेशीआतले माणूस जे जपते, ते पुसणे राजालाही सोपे नसते, एवढा बोध आपण यातून घ्यावा.