दोघांनी चालायचे कुठे? चांद्याचा परकोट आणि वाटेच्या हक्काचा इतिहास

हिवाळ्यातले दोन दिवस, पाठीवर दोन पिशव्या आणि वाहनाशिवाय हिंडण्याची हौस एवढ्या भांडवलावर एखादे जोडपे चंद्रपूर-गडचिरोलीत पायी भटकंतीचा बेत आखू लागले, की पहिली अडचण येते ती वाटेची. नकाशावर हिरवा रंग भरपूर दिसतो. मात्र त्या हिरव्या रंगात पाऊल टाकायचे, तर बहुतेक ठिकाणी परवानगी लागते, आणि व्याघ्रप्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात पर्यटकाला पायी फिरण्याची परवानगी मिळतच नाही. तिथे जिप्सीत बसायचे, वाटाड्या सोबत घ्यायचा आणि खाली उतरायचे नाही.

हाच बेत इंग्लंडच्या ग्रामीण भागात अगदी सोपा असतो. तिथले जोडपे एक नकाशा घेते, दोन गावांतल्या मुक्कामाच्या खोल्या ठरवते आणि कोणाच्याही शेतातून, कुरणातून, मेंढ्यांच्या कळपामधून चालत सुटते. यामागे एक कायदेशीर कल्पना आहे: ज्या वाटेने लोक पिढ्यान्‌पिढ्या बिनविरोध चालत आले, ती खासगी जमिनीतून जात असली तरी सार्वजनिकच. अर्थात हा हक्क सर्वत्र सुखासुखी मिळाला नाही. माळरानांवर आणि डोंगरांवर जमीनदारांनी शिकारीसाठी राखलेले विस्तीर्ण प्रदेश लोकांना बंद होते. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण कामगार किंडर स्काउट या डोंगरावर मुद्दाम बेकायदा चढले आणि त्यांतल्या काहींना तुरुंगात जावे लागले. पुढे १९४९च्या कायद्याने पायवाटांची नोंद नकाशावर करणे स्थानिक शासनावर बंधनकारक केले. आजच्या निवांत सहलीच्या बुडाशी असा झगडा आहे.

चांदा जिल्ह्यात मात्र घड्याळाचे काटे उलटे फिरले. इथे पायवाटा होत्याच. गोंड, माडिया, कोलाम, ढिवर अशा अनेक समाजांचे रोजचे जगणे त्यांच्यावर चाले. मोहफुले, डिंक, बांबू, मासळी, सोयरीक, जत्रा, सारे पायी. १८७८चा वन कायदा आला, १८७९ मध्ये ताडोब्याचे जंगल राखीव झाले आणि वाट तीच राहूनही तिचा मालक बदलला. १९२७च्या वन कायद्याने राखीव वनातला विनापरवाना प्रवेश गुन्हा ठरवला, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने अभयारण्यांतील प्रवेशावर आणखी बंधने घातली. ब्रिटनमध्ये पुढे वाटा लोकांच्या नावे नोंदल्या गेल्या; त्याच साम्राज्याच्या कायद्याने इथल्या वाटा मात्र लोकांकडून काढून घेतल्या.

याच काळात जंगलात सहलीसारखे हिंडणारा एक वर्ग होताच. तो म्हणजे गोरा साहेब आणि कधी सोबत असलेली त्याची मडम. पावसाळा सरला की अधिकाऱ्याचा हिवाळी दौरा निघे. तंबू, बैलगाड्या, खानसामा, चपराशी असा लवाजमा पुढे जाई. साहेब मागाहून घोड्यावर किंवा पायी येई. वाटेत डाकबंगले आणि वनविश्रामगृहे असत. त्या दौऱ्यांत कष्ट होते हे खरे, परंतु इंग्लंडातल्या भटकंतीची ही वसाहतीतली आवृत्ती होती आणि तिचे ओझे दुसऱ्यांच्या खांद्यावर होते.

आजच्या बंदीचे सारे खापर मात्र जुन्या कायद्यावर फोडता येणार नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात व्याघ्रगणनेसाठी पायी सर्वेक्षण करत असताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे मोहफुले वेचायला आणि पुढे तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या गावकऱ्यांवर हल्ले होतात. त्यांचे चालणे ही सहल नाही. ते टाळण्याची मुभाही त्यांना नसते. म्हणून दोन दिवसांच्या पाहुण्यांनी ‘आम्हालाही जंगलात चालू द्या’ असा आग्रह धरावा, हे काही पटत नाही. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. अशा जंगलात जायचे, तर ग्रामसभेला विचारूनच.

मग दोघांनी चालायचे कुठे? याचे उत्तर चंद्रपूर शहराच्या भोवतीच उभे आहे. गोंड राजांचा परकोट सुमारे ११ किलोमीटर लांबीचा आहे, आणि परंपरा मानली तर त्याची आखणीच एका जोडप्याच्या फेरफटक्यातून झाली.

कथा अशी. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर फोड आणि गाठी होत्या. नावातच ते दुखणे आले आहे. त्याची राणी चतुर होती. तिच्या सल्ल्याने त्याने शिरपूर सोडले आणि वर्धा नदीच्या उत्तर तीरावर बल्लारपूर वसवले. एकदा शिकारीच्या नादात राजा तिथून उत्तरेला भटकत गेला, तहानेने व्याकूळ झाला आणि झरपट नदीच्या एका डोहावर पाणी प्यायला. त्या रात्री त्याला शांत झोप लागली. सकाळी राणीने पाहिले, तर फोड ओसरू लागलेले. तिने खोदून खोदून विचारले आणि ती स्वतः त्याच्याबरोबर त्या जागी गेली. डोहातले गवत आणि वाळू दूर केल्यावर खडकात गाईच्या पावलांचे पाच ठसे सापडले, न आटणाऱ्या पाण्याने भरलेले. तिथेच अचलेश्वराचे मंदिर उभे राहिले. पुढे एके दिवशी राजाला दिसले, की कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा त्याच्या कुत्र्याचाच पाठलाग करतो आहे. त्या दोघांनी मोठे वर्तुळ घेतले आणि अखेर कुत्र्याने सशाला मारले. राजाने घरी येऊन हे सांगितले. राणी म्हणाली, हा शुभशकुन आहे. सशाच्या धावेवरून तट घाल आणि आत नगर वसव.

ही कथा मेजर लुसी स्मिथ याच्या १८६९च्या जमाबंदी अहवालातून छापील इतिहासात शिरली आणि नंतरच्या गॅझेटिअरांनी ती उचलली. स्मिथने स्थानिक परंपरा आणि वंशावळी ऐकून लिहिले. त्यामुळे त्यातील राजांच्या सनावळीवर डोळे मिटून भिस्त ठेवू नये. परकोटाचा आरंभ साधारणतः पंधराव्या शतकात आणि पूर्तता धुंड्या रामशहाच्या काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीस, मानली जाते.

कुत्र्यावर उलटलेला ससा अभ्यासकांच्या ओळखीचा आहे. विजयनगरच्या स्थापनेची कथा तीच, अहमदाबादचीही तीच. तेव्हा ‘हे खरेच घडले का?’ यापेक्षा ‘शकुनाचा अर्थ कोणी लावला?’ हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. विजयनगरात तो अर्थ विद्यारण्य स्वामी सांगतात. अहमदाबादेत सुलतान अहमदशहा स्वतःच जागा हेरतो. चांद्यात मात्र तो राणी सांगते. राजधानी हलवणे, औषधी पाणी शोधणे, तटाची रेषा ठरवणे, हे तिन्ही निर्णय तिचे; राजाच्या वाट्याला हिंडणे आणि घरी येऊन सांगणे. तरीही बहुतेक कथनांत ती नुसती ‘राणी’ म्हणून येते. नाव राजाचे टिकले.

परकोटाची फेरी म्हणून अचलेश्वर दरवाजापासूनच सुरू करावी. मंदिराशेजारी गोंड राजांच्या समाध्या आहेत आणि त्यांत सर्वांत देखणी बिरशहाची. अठराव्या शतकाच्या आरंभी त्याचा खून झाला. त्यानंतर राणी हिराईने दत्तक पुत्र रामशहाच्या नावे कारभार पाहिला, नवऱ्याची समाधी बांधली आणि महाकालीच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. हिच्याबाबतीत मात्र कोणाला नाव विसरता आले नाही.

पुढची चाल सूर्य डोक्यावर येण्याआधी उरकावी. चंद्रपूरचा उन्हाळा देशात कुप्रसिद्ध आहे, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. दक्षिणेला पठाणपुरा दरवाजा, पश्चिमेला बिनबा, उत्तरेला जटपुरा. मधल्या लहान दारांना खिडक्या म्हणतात, बगड, हनुमान, विठोबा, मसण. दरवाजांवर हत्तीवर स्वार झालेला सिंह कोरलेला आहे, ते गोंड राजचिन्ह. पठाणपुऱ्यापलीकडे इरई आणि झरपट एकमेकींना मिळतात. मे १८१८ मध्ये कर्नल ॲडम्सच्या तोफांनी हा तट फोडला आणि भोसल्यांचा किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. चाळीस वर्षांनी, २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, याच चांद्याच्या तुरुंगात बाबूराव शेडमाके यांना फाशी दिले गेले. सुट्टीच्या फेरीत या दोन ठिकाणी पाय आपोआप मंदावतात.

तटावर चालता येते आहे, यामागेही माणसांचे कष्ट आहेत. अनेक दशके बुरुजांवर झाडोरा माजला होता आणि पायथ्याशी कचरा साचत होता. मार्च २०१७ पासून ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या स्वयंसेवकांनी श्रमदानाने तो साफ करायला घेतला; त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख झाला. त्यानंतर तिथे हेरिटेज वॉक होऊ लागले. काही ठिकाणी मात्र घरे तटाला टेकलेली आहेत, तिथे गल्लीतून वळसा घ्यावा लागतो. असा वळसा टाळू नये. वस्तीतली वयस्कर मंडळी खिडक्यांच्या नावांचे अर्थ कोणत्याही फलकापेक्षा चांगले सांगतात.

दुसरा दिवस बल्लारपूरला द्यावा. अंतर सुमारे १५ किलोमीटर. कथेतला राजा ज्या रानातून भटकत गेला, तिथे आता कोळशाचे ट्रक धावतात. त्यामुळे हा टप्पा एसटीने किंवा रेल्वेने करणेच शहाणपणाचे. किल्ला पडका आहे, गर्दी नसते. नदीकडच्या बाजूला उभे राहिले की समोर वर्धेचे पात्र आणि पलीकडे राजुऱ्याचा तीर दिसतो. तो भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच्याही दक्षिणेला, आजच्या तेलंगणात, शिरपूर आहे. राणीच्या सांगण्यावरून बल्लाळशहाने सोडले ते.