दीडशे रुपयांपायी पाडलेले घर

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावात काळूराम या सावकाराने बाबासाहेब देशमुखांचे घर पाडले. कर्ज दीडशे रुपयांचे होते आणि न्यायालयाचा हुकूमनामा सावकाराच्या बाजूने होता.

पेशवाईतही सावकारी होती, पण वसुली बहुतांशी गावाच्या चौकटीत होई. इंग्रजी अमलात ती दिवाणी न्यायालयात गेली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले. हेतू कुळाच्या रक्षणाचा, परिणाम उलटा: दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाई. काय लिहिले आहे हे अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नसे. समन्स आले तरी तो तालुक्याला जात नसे, मग एकतर्फी हुकूमनामा आणि जप्ती. १८६५ नंतर अमेरिकेतील यादवी संपून कापसाचे भाव कोसळले, त्यातच फेरपाहणीत शेतसारा वाढला आणि ही साखळी असह्य झाली.

करड्याच्या लोकांनी सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्यात उठाव झाला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. जमावाने मागितली ती कागदपत्रे. रोखे आणि हुकूमनामे मिळाले की ते जाळून लोक बहुधा परतत. माणसांवर हात क्वचितच उचलला गेला. या लोकांना नुसते दंगेखोर म्हणणे अन्यायाचे आहे. घर कशामुळे जाते, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

उठावाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. रोख्यावरील आकडा अंतिम न मानता मूळ व्यवहारापासून हिशेब तपासण्याचे काम न्यायालयाकडे आले. कर्जापायी होणारी अटक थांबली. गहाण न ठेवलेली जमीन विकण्यावर बंधन आले.

शेतकऱ्याच्या राहत्या घराला १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम ६० आजही जप्तीपासून वाचवते. शहरातील पगारदाराच्या फ्लॅटला सहसा असे संरक्षण नाही. त्याचे क्रेडिट कार्डाचे कर्ज विनातारण असते, म्हणून बँकेला घराला थेट हात लावता येत नाही. पण थकबाकीवर महिन्याला तीन टक्क्यांहून अधिक व्याज चढू शकते, दावा होतो आणि समन्सकडे दुर्लक्ष केले तर एकतर्फी हुकूमनामा होऊन घरावर जप्ती येऊ शकते. शिवाय बँकिंग विनियमन कायद्याच्या कलम २१-अ मुळे, बँकेचा व्याजदर जास्त आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयाला असा हिशेब पुन्हा उघडता येत नाही. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्याला मिळालेली फेरहिशेबाची सवलत आजच्या कार्डधारकाला नाही.