ॲटली, क्लेमंट रिचर्ड : पंतप्रधानपदाचा वारसा

ॲटली, क्लेमंट रिचर्ड : (३ जानेवारी १८८३–८ ऑक्टोबर १९६७). ब्रिटिश मजूर पक्षाचे नेते व २६ जुलै १९४५ ते २६ ऑक्टोबर १९५१ या काळातील ब्रिटनचे पंतप्रधान. जन्म लंडनमधील पटनी येथे एका सुखवस्तू वकिलाच्या घरी. शिक्षण हेलीबरी व ऑक्सफर्ड येथे. पूर्व लंडनमधील स्टेपनीच्या गरीब वस्तीत मुलांच्या क्लबात काम करता करता ते समाजवादाकडे वळले. पहिल्या महायुद्धात गॅलिपोली व मेसोपोटेमियाच्या आघाड्यांवर लढले. १९१९ मध्ये स्टेपनीचे महापौर, १९२२ मध्ये लाइमहाउसचे खासदार, १९३५ पासून वीस वर्षे पक्षनेते आणि १९४२ पासून चर्चिल यांच्या संयुक्त मंत्रिमंडळात उपपंतप्रधान. पायउतार झालेल्या पंतप्रधानाचा वारसा कसा तोलावा, हे पाहण्यासाठी त्यांची कारकीर्द विशेष उपयोगी आहे. जाताना त्यांच्याविषयी असलेले मत आणि पुढे पन्नास वर्षांत बनलेले मत यांत फार मोठे अंतर पडले, आणि त्या दोन्ही मतांत भारताच्या बाजूचा हिशेब अपुराच राहिला.

ॲटली गेले ते पराभूत होऊन, पण मतदारांनी त्यांना नाकारले असे आकडे सांगत नाहीत. २५ ऑक्टोबर १९५१ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला सुमारे १ कोटी ३९ लाख मते पडली. हुजूर पक्ष आणि त्याच्या मित्रांना त्याहून सव्वादोन लाख कमी पडली. तरीही जागा हुजूर पक्षाच्या बाजूला ३२१ आणि मजूर पक्षाला २९५ मिळाल्या. मजूर पक्षाची मते खाणकामगारांच्या व कारखान्यांच्या मतदारसंघांत साचून राहिली होती, तेथे प्रचंड मताधिक्याने जिंकूनही जागा एकच मिळे. चर्चिल सतरा जागांच्या बहुमतावर पुन्हा पंतप्रधान झाले.

त्या शरद ऋतूत ॲटलींविषयी फारसे चांगले बोलले जात नव्हते, आणि त्याला कारणे होती. युद्ध जिंकून सहा वर्षे झाली तरी मांस, लोणी आणि साखर रेशनवर होती. युद्धातही ज्या पावावर कधी बंधन आले नव्हते, तो पाव जुलै १९४६ पासून दोन वर्षे कुपनांवर घ्यावा लागला होता. १९४७ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कोळसा पुरला नाही, कारखाने बंद पडले, घरांत ठरावीक तास वीज तोडली गेली. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचा भाव ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणावा लागला. टांगानिकात भुईमूग पिकवण्याच्या योजनेत बुडालेले कोट्यवधी पौंड जानेवारी १९५१ मध्ये सोडून द्यावे लागले. मंत्रिमंडळही थकले होते. अर्थमंत्री स्टॅफर्ड क्रिप्स आजारपणामुळे ऑक्टोबर १९५० मध्ये बाजूला झाले, आणि परराष्ट्र खाते सोडल्यावर सुमारे महिन्याभराने, एप्रिल १९५१ मध्ये अर्नेस्ट बेव्हिन वारले. कुपने मोजून घर चालवणाऱ्या बाईला या सरकारने इतिहास घडवला असे वाटले नसेल, तर तिचे चुकले असे म्हणता येत नाही.

मूल्यमापनाची खरी कसोटी पुढच्या सरकारच्या कृतीत सापडते. विरोधात असताना ज्याच्याविरुद्ध मत दिले, ते सत्तेवर आल्यावर हुजूर पक्षाने ठेवले की मोडले? पोलाद उद्योगाचे राष्ट्रीयीकरण फेब्रुवारी १९५१ मध्ये प्रत्यक्षात आले आणि १९५३ च्या कायद्याने ते फिरवण्यास सुरुवात झाली. मालमोटारींचेही तेच झाले. बँक ऑफ इंग्लंड सरकारी मालकीचीच राहिली. १९४७ मधील कोळशाचे आणि १९४८ मधील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण १९९० च्या दशकापर्यंत टिकले, गॅस कंपनी १९८६ मध्ये थॅचर सरकारने विकली. म्हणजे ज्या उद्योगांच्या मालकीवरून मजूर पक्षात सर्वाधिक भाषणे झाली, तो वारशाचा सर्वांत कच्चा भाग ठरला.

राष्ट्रीय आरोग्य सेवेची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्यापाशी थांबायला हवे. १९११ च्या विमा कायद्याने कामगाराला डॉक्टर मिळाला होता, त्याच्या बायकोला आणि मुलांना नाही. आई दुखणे अंगावर काढी, कारण डॉक्टरची फी घरखर्चातून जाई. चष्मा लागला की गरीब माणूस वूलवर्थच्या दुकानात जाऊन मांडून ठेवलेले चष्मे एकामागून एक डोळ्यांवर चढवून पाही आणि ज्यातून बरे दिसेल तो विकत घेई. ५ जुलै १९४८ रोजी हे बदलले. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी त्या दिवशी मँचेस्टरजवळ डेव्हिहूम येथील पार्क रुग्णालयात सेवेचा आरंभ केला. त्यांची पहिली रुग्ण तेरा वर्षांची एक मुलगी होती. पहिल्या वर्षभरात पन्नास लाखांहून अधिक चष्मे दिले गेले आणि दातांच्या दवाखान्यांत ऐंशी लाखांहून अधिक लोक येऊन गेले. इतकी वर्षे न दिसणाऱ्या, न चावता येणाऱ्या माणसांची ही संख्या होती. अंदाजपत्रक कोलमडले याचा अर्थ उधळपट्टी झाली असा विरोधकांनी लावला. गरज आधीपासून होती, ती मोजली मात्र कोणी नव्हती.

हे सहज झाले नाही. हुजूर पक्षाने १९४६ मध्ये विधेयकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वाचनाच्या वेळी विरोधी मतदान केले. डॉक्टरांच्या संघटनेने फेब्रुवारी १९४८ मध्ये घेतलेल्या मतदानात कौल प्रचंड बहुमताने विरोधात गेला. बेव्हन यांनी डॉक्टरांना सरकारी पगारावर आणण्याचा आग्रह सोडला आणि तज्ज्ञांना रुग्णालयांत खाजगी रुग्ण पाहण्याची मुभा दिली. या तडजोडीत श्रेय ॲटलींचेही आहे. त्यांनी बेव्हनसारख्या डाव्या बंडखोराला हे खाते दिले, मंत्रिमंडळात हर्बर्ट मॉरिसन यांचा रुग्णालये नगरपालिकांकडे ठेवण्याचा आग्रह चालू दिला नाही, आणि नंतर आपल्या मंत्र्याच्या कामात ढवळाढवळ केली नाही. बैठकीत थोडक्यात बोलणे, विषय भरकटू लागला की तोडणे आणि निर्णय झाला की पुढच्या विषयाकडे वळणे ही त्यांची पद्धत होती. चर्चिल यांच्या रात्र रात्र चालणाऱ्या बैठकांना सरावलेल्या अधिकाऱ्यांना तिचे फार अप्रूप वाटे.

सत्तेवर परतलेल्या हुजूर पक्षाने १९५३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ गिलबो यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. खर्चाला कात्री कोठे लावता येईल, हे शोधून काढण्याची सरकारची अपेक्षा होती. समितीने १९५६ मध्ये उलट कौल दिला : फार मोठी उधळपट्टी आढळत नाही आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिले तर खर्च घटला आहे. त्यानंतर आरोग्य सेवा मोडण्याची भाषा कोणत्याही मोठ्या पक्षाला परवडली नाही.

तरीही तिला पहिला तडा ॲटलींच्याच काळात गेला, हे लपवता कामा नये. कोरियाच्या युद्धामुळे तीन वर्षांत ४७० कोटी पौंडांचा शस्त्रसज्जतेचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. एप्रिल १९५१ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी कवळी आणि चष्म्यावर शुल्क बसवले. त्यातून पूर्ण वर्षाला वाचणार होते सुमारे २ कोटी ३० लाख पौंड. बेव्हन, हॅरल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन यांनी राजीनामे दिले. ॲटली त्या वेळी पोटातील व्रणामुळे रुग्णालयात होते आणि त्यांनी गेट्स्केलना पाठबळ दिले. एवढ्याशा रकमेसाठी त्यांनी आपल्या सरकारचे सर्वांत मोठे तत्त्व वाकवले आणि पक्षात दशकभर टिकलेली फूट पाडली. देशांतर्गत कारभारातील त्यांची ही सर्वांत मोठी चूक म्हणावी लागेल.

परराष्ट्र धोरणात नाटोची स्थापना (१९४९) टिकली. अणुबाँब बनवण्याचा निर्णय जानेवारी १९४७ मध्ये मोजक्या मंत्र्यांच्या गुप्त बैठकीत झाला, बहुतेक मंत्रिमंडळाला त्याचा पत्ता नव्हता. पॅलेस्टाइनमधून मे १९४८ मध्ये ब्रिटन कोणतीही व्यवस्था न लावता निघाले. मलायात त्याच वर्षी सुरू झालेली दडपशाही आणि गोऱ्या स्त्रीशी विवाह केला म्हणून बेचुआनालँडच्या सेरेत्से खामा यांना मायदेशातून दूर ठेवण्याचा १९५० मधील निर्णय साम्राज्य सोडण्याच्या वृत्तीशी जुळत नाहीत.

भारताशी ॲटलींचा संबंध पंतप्रधानपदाच्या बराच आधीचा होता. सायमन आयोगाच्या सात सदस्यांपैकी ते एक. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी आयोग मुंबईच्या बंदरात उतरला तेव्हा काळी निशाणे आणि हरताळ यांनी त्याचे स्वागत झाले. याच आयोगासमोर २३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्ष दिली आणि अस्पृश्यांसाठी प्रौढ मताधिकार व राखीव जागा मागितल्या. प्रांतोप्रांती ऐकलेल्या साक्षींमुळे ॲटलींना भारतीय प्रश्नांची खोलवर माहिती झाली. इतर ब्रिटिश पंतप्रधानांना ती नव्हती.

सत्तेवर आल्यावर त्यांनी जानेवारी १९४६ मध्ये सत्तांतराच्या वाटाघाटींसाठी भारतात त्रिमंत्री शिष्टमंडळ पाठवण्याचे ठरवले आणि १९ फेब्रुवारीला ते जाहीर केले. आदल्याच दिवशी मुंबईत ‘तलवार’ या नाविक तळावर बंड सुरू झाले होते. तारखांच्या या शेजारामुळे बंडाने हादरून सरकारने शिष्टमंडळ पाठवले, असे महाराष्ट्रात आजही सांगितले जाते. निर्णय मात्र बंडापूर्वीचा आहे. १९५६ मध्ये कलकत्त्यात ॲटलींनी आझाद हिंद सेना व नाविकांचे बंड यांनाच स्वातंत्र्याचे श्रेय दिले, हे विधानही वारंवार उद्धृत होते. त्याचा आधार न्या. फणिभूषण चक्रवर्ती यांनी वीस वर्षांनी लिहिलेले पत्र एवढाच आहे. सैन्याच्या निष्ठेचा भरवसा उरला नाही ही जाणीव मंत्रिमंडळाला होती, हे खरे. पण दोन वर्षांची चर्चा, तिजोरीतला खडखडाट आणि १९४५–४६ च्या निवडणुकांचे निकाल बाजूला सारून एकाच कारणावर बोट ठेवणे बंडातल्या नाविकांच्या पराक्रमालाही न्याय देत नाही.

२० फेब्रुवारी १९४७ रोजी ॲटलींनी जून १९४८ पर्यंत सत्ता सोडण्याची मुदत जाहीर केली आणि व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या जागी माउंटबॅटन यांना नेमले. टप्प्याटप्प्याने माघार घेण्याची वेव्हेल यांची योजना त्यांनी आधीच फेटाळली होती. पळ काढल्याचा आरोप चर्चिल यांनी केला. मुदत ठरवणे योग्यच होते, कारण तिच्याशिवाय लंडनच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला नसता. दोष त्यापुढचा आहे. माउंटबॅटन यांनी ती मुदत १५ ऑगस्टपर्यंत अलीकडे ओढली आणि ॲटलींच्या मंत्रिमंडळाने मान डोलावली. स्वातंत्र्याचे विधेयक ४ जुलैला मांडले गेले आणि १८ जुलैला कायदा झाला. सीमा आखण्यासाठी आलेले रॅडक्लिफ ८ जुलैला प्रथमच भारतात पाऊल टाकत होते. त्यांची रेषा स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी, १७ ऑगस्टला प्रसिद्ध झाली. आपले गाव कोणत्या देशात हे ठाऊक नसताना लोकांनी स्वातंत्र्याची रात्र काढली. एक कोटीहून अधिक लोक घरदार सोडून निघाले. मृतांचे अंदाज दोन लाखांपासून दहा लाखांपर्यंत आणि त्यापुढेही जातात. ब्रिटिश सैनिकांना दंगली आवरण्याच्या कामावर न घालण्याचे धोरण लंडनला मान्य होते. हत्येला हात लावणारे इथलेच होते आणि फाळणीची मागणीही इथलीच. घाईची जबाबदारी मात्र ज्याच्या सहीने ती झाली त्या सरकारची.

आंबेडकरांची तक्रार याहून वेगळी होती आणि ब्रिटिश चरित्रकारांच्या लेखनात तिला क्वचितच जागा मिळते. मार्च १९४६ मध्ये ॲटलींनी कॉमन्स सभेत सांगितले होते, की अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांची वाट अडवू देता येणार नाही. त्रिमंत्री योजनेत अस्पृश्यांना स्वतंत्र घटक म्हणून स्थान मिळाले नाही. आंबेडकरांनी ॲटलींना पत्र लिहिले. राखीव जागा काँग्रेसने जिंकल्या, हा आधार देऊन ॲटलींनी सरकारची बाजू मांडली. राखीव जागांच्या प्राथमिक निवडणुकीत आपल्या लोकांनी कोणाला मते दिली आणि अंतिम निवडणुकीत सवर्ण मतांवर कोण निवडून आले, हा आंबेडकरांचा मुद्दा त्यांनी मनावर घेतला नाही. जुलै १९४६ मध्ये आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाने पुण्यात सत्याग्रह केला, ऑक्टोबरमध्ये आंबेडकर स्वतः लंडनला गेले. अठरा वर्षांपूर्वी पुण्यात साक्ष ऐकणाऱ्या आयोगातल्या माणसाकडून अधिक अपेक्षा होती, आणि ती रास्त होती.

एप्रिल १९४९ मध्ये प्रजासत्ताक भारताला राष्ट्रकुलात राहता येईल अशी सोय ॲटलींच्याच अध्यक्षतेखाली लंडनच्या परिषदेत झाली. या सरकारची भारतविषयक कागदपत्रे १९७० ते १९८३ या काळात निकोलस मॅनसर यांच्या संपादनाखाली बारा खंडांत प्रसिद्ध झाली, आणि ॲटलींविषयीचा भारतीय अभ्यासकांचा निवाडा प्रामुख्याने त्यांवर उभा आहे. ब्रिटनमध्ये २००४ साली प्राध्यापकांच्या पाहणीत विसाव्या शतकातील सर्वांत यशस्वी पंतप्रधान म्हणून ॲटली पहिले आले, चर्चिल दुसरे. हा कौल आरोग्य सेवेला, विम्याला आणि युद्धोत्तर सहमतीला मिळालेला आहे. पंजाब आणि बंगालची नोंद त्याच्या वजनात कोठे धरली आहे, हे मात्र त्यावरून दिसत नाही.